चाळीस मिनिटं खाली

डॉक्टरबाईंनी माझ्या लेकीला, लुंबिनीला टेबलावर बसवलं आणि तिच्यासमोर एक मुरमुरा ठेवला. तिनं तो अंगठा आणि तर्जनीत नीट धरून तोंडात टाकला. बाईंनी हात हलवला, तिनंही हलवला. "पंखा कहाँ है?" विचारल्यावर तिनं वर बोट केलं. माझे वडील शेजारी उभे होते. परीक्षेत आपल्यालाच मार्क मिळत असल्यासारखे ते दर वेळी मान हलवत होते.

मग बाईंनी तिला पालथं घातलं. लुंबिनीनं एक गाल टेबलाला टेकवला आणि रडायला लागली. हात पुढे टाकला नाही, गुडघा पोटाशी ओढला नाही. काखेत धरून उभी केली तेव्हा तिनं पाय चांगले रेटले. पण खुर्चीची कड हाताशी दिली तेव्हा तिनं खुर्चीकडे पाहिलंच नाही. मान वळवून बाबांना शोधलं आणि दोन्ही हात वर केले.

"बच्ची को ज़मीन कब दिखाते हैं आप लोग?" बाईंनी विचारलं.

"जी?" बाबा म्हणाले.

"मतलब नीचे कब छोड़ते हैं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कम ही."

बाईंनी तिचे पाय, मांड्या, पाठ पुन्हा तपासली. ताकदीत काही कमी नाही, म्हणाल्या, हिला संधीच मिळालेली नाही. रोज खाली सोडा, निदान चाळीस मिनिटांपासून सुरुवात करा. एका महिन्यात फरक दिसला नाही तर पुढच्या तपासण्या करू. "गिरेगी, रोएगी, फिर सीखेगी," त्या हसून म्हणाल्या.

बाबांनी फाइल बंद केली आणि लुंबिनीला माझ्या आधी उचललं.

त्याच्या दोन दिवस आधी तिचा पहिला वाढदिवस झाला होता. दिल्लीत, मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दहा-बारा माणसं आली होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या. बाबांनी तिला मांडीवर घेऊनच त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, मग खीर झाली, केक झाला. कोणी तरी म्हणालं, उभी करा तिला, एक फोटो काढू. बाबा तिच्या मागे उकिडवे बसले आणि त्यांनी तिला कमरेत धरून उभं केलं. नंतर मी फोनमधले वर्षभराचे फोटो पाहिले. जानेवारीपासून पुढच्या एकाही फोटोत ती एकटी नाही. कडेला बाबांचा हात आहे, नाही तर बाही, नाही तर गुडघा.

जानेवारीपर्यंत माझी आई होती.

बाबा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं राहिले. मी तिथंच वाढले. निवृत्तीनंतर ते दोघं अमरावतीला गेले आणि माझ्या बाळंतपणासाठी परत आले. आई लुंबिनीला रोज जुन्या पद्धतीनं न्हाऊ घालायची: बाथरूममध्ये पाटावर बसून, पाय लांब करून, त्या पायांवर बाळ घेऊन. आधी तेल, मग बेसन आणि साय, मग सोसेल तसं गरम पाणी. नाहणं झालं की धुरी. शेवटी बाळाच्या तळपायाला काजळाचा ठिपका. गालावर लावला असता तर बाबांनी अंधश्रद्धेवर अर्धा तास घेतला असता, म्हणून तळपायाला. "तुझ्या बापाला पाय दिसत नाहीत, फक्त तत्त्वं दिसतात," असं म्हणायची.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. समाधान, माझा नवरा, फरीदाबादला कारखान्यात निघून गेला होता. बाबा दूध आणायला खाली गेले होते. आईनं बाळ पुसून, गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि पाटावरचं तेल धुवायला परत आत गेली. ती तेलावरून घसरली. डोक्याच्या मागच्या बाजूला मार लागला. तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळ्यांना मी सांगितलं की बाळाला पाजता पाजता माझा डोळा लागला होता. दोन महिन्यांच्या बाळाची आई झोपली असेल यात कोणालाच नवल वाटलं नाही.

नंतर बाबा अमरावतीला गेले नाहीत. तेराव्या-चौदाव्या दिवशी कधी तरी त्यांनी बाजारातून फोमच्या पट्ट्या आणल्या आणि टेबलांचे, कपाटांचे कोपरे बांधायला बसले. बाथरूमच्या दाराला वर, माझाही हात कष्टानं पोहोचेल अशी कडी बसवली. बाहेरच्या खोलीत गाद्या आल्या. लुंबिनी बसायला लागली तेव्हा बाबांनी मांडी घातली आणि तिच्याभोवती हातांचं कडं केलं. रांगायच्या वयात ती त्यांच्या खांद्यावर होती. हवा वाईट म्हणून खिडक्या बंद, पार्क बंद. प्युरिफायरचा लाल दिवा आणि त्याची घरघर, आणि घरभर तिला कडेवर घेऊन फिरणारे बाबा. मी सांगून पाहिलं होतं.

"बाबा, जरा खाली ठेवा ना तिला."

"माझ्या मांडीवर उभी राहते की. बघ, पाय कसे रोवते."

"मांडी वेगळी, जमीन वेगळी."

"बसलेलं माणूस पडत नाही, कुमुद," ते म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले.

माझी बालसंगोपन रजा बारा डिसेंबरला संपत होती. पंधराला, सोमवारी, मंत्रालयात रुजू व्हायचं होतं. ऑफिसच्या इमारतीत पाळणाघर आहे, तिथं नाव घातलेलं होतं. दवाखान्यातून परतल्यावर त्याच संध्याकाळी मी विषय काढला.

"पाळणाघर?" बाबा म्हणाले. "मी मेलोय का?"

"तसं नाही हो. पण डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना? तिथं मुलं जमिनीवर असतात. ही बघून शिकेल."

"तिथं एक बाई आणि पंधरा मुलं. कोण पडलं, कधी पडलं, तिला कळणार आहे?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला तिला तिकडेच घालायचं असेल तर माझं इथं काय काम? मी अमरावतीला जातो. घर उघडून बसतो."

घर उघडून ते काय करणार हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. फोडणी कशी घालतात हेही त्यांना येत नव्हतं.

समाधान नुकताच आला होता, बूटही काढायचे होते. "तुम्ही बाप-लेक ठरवा," तो म्हणाला. "मी रात्री साडेआठला येणारा मतदार आहे. ज्याचं सरकार येईल त्याच्याकडे जेवीन."

"जावईबापू, चेष्टा नको," बाबा म्हणाले, पण थोडे हसले. त्या हसण्याचा फायदा घेऊन मी तडजोड मांडली. तीन आठवडे आहेत. बाबांनी तिला रोज चाळीस मिनिटं खाली ठेवायचं. फरक दिसला तर ती घरी बाबांजवळ राहील. नाही दिसला तर पाळणाघर, आणि त्यावर बोलायचं नाही.

"मान्य," बाबा म्हणाले. "पण एक अट. तू त्या वेळी घरात नको. तू समोर असलीस की ती तुझ्याकडे हात करते. चार ते पाच तू बाहेर जायचं. मी लेखी नोंद ठेवतो."

लेखी नोंद म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाबा एका सरकारी खात्यात अधीक्षक होते. निरीक्षक लोक गावोगाव जात आणि दौऱ्याची डायरी लिहून पाठवत. त्या डायऱ्या तपासणं हे बाबांचं काम. घरी बसून दौरा लिहिणारे त्यांना वासावरून कळत. "पाऊस पडत होता त्या दिवशी, आणि हा म्हणतो सायकलनं गेलो, चिखलाचा उल्लेख नाही," असं ते जेवताना सांगायचे. दोघा-तिघांची वेतनवाढ त्यांच्या अहवालानं थांबली होती. त्यांच्या नोंदीवर शंका घ्यावी असं मला सुचणंही शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी चार वाजता मास्क लावून बाहेर पडू लागले. खाली पार्कात त्या धुरात बसण्यात अर्थ नव्हता. मी मेट्रोत बसायचे. यमुना बँक, इंद्रप्रस्थ, मंडी हाउस. तिथं उतरून समोरच्या फलाटावर जायचं आणि परत. मांडीवर पुस्तक असायचं. कॉलेजात असताना लक्ष्मीबाई नगर ते युनिव्हर्सिटी बसमध्ये मी कादंबऱ्या संपवलेल्या आहेत. आता पान उलटायचं राहून जायचं. समोरच्या बाईच्या पिशवीतल्या मुळ्याच्या पाल्याकडे मी बघत बसे. माझ्या अंगावर कोणी नाही, माझ्याकडे कोणी हात करत नाही, माझं नाव इथं कोणाला माहीत नाही. वर्षभरात मला एवढा वेळ मिळाला नव्हता. परतीच्या गाडीत अक्षरधाम आलं की पुढच्या स्टेशनला उतरायला नको वाटायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

घरी आलं की टेबलावर बाबांची लांब वही उघडी असायची. तारीख, वेळ, शेरा. 'पालथी ९ मिनिटे. मान उचलली.' 'निळ्या चेंडूकडे हात. चेंडू लांब होता, मिळाला नाही.' 'डाव्या गुडघ्यावर भार. दोनदा.' सुबक अक्षर, प्रत्येक नोंदीखाली सही. बाबा सोफ्यावर, लुंबिनी त्यांच्या मांडीवर.

"आत्ता वर घेतली," ते सांगायचे. "दमली."

रविवारी समाधाननं तिला गादीवर ठेवून पाहिलं. ती होती तिथंच बसून राहिली, मग रडली. "तुम्हा दोघांसमोर नाटकं करते," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर बघा एकदा." समाधाननं माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. मला वहीवर विश्वास ठेवायचा होता. विश्वास ठेवला नसता तर चार ते पाच घरात बसावं लागलं असतं.

आठ डिसेंबरला, सोमवारी, हवा इतकी वाईट होती की गेटवरचा गार्ड डोळे चोळत होता. मेट्रोच्या जिन्यापर्यंत गेले आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. मास्कही घरी राहिला होता. परत फिरले. बाळ झोपलं असेल तर म्हणून किल्ली हळू फिरवली.

बाबा बाल्कनीच्या बंद काचेशी उभे होते. लुंबिनी त्यांच्या खांद्यावर होती आणि समोरच्या टाकीवरची कबुतरं दाखवत होती. "किती आहेत?" ते तिला विचारत होते. गादीवर एकही खेळणं नव्हतं. चादरीला सुरकुती नव्हती.

मी टेबलाजवळ गेले. वहीत आजची तारीख होती. '४.०५ ते ४.४५: खाली. पालथी १५ मिनिटे. खेळण्याच्या दिशेने वीतभर सरकली. समाधानकारक.' खाली सही.

भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

बाबांनी वळून मला पाहिलं, मग वहीकडे पाहिलं. खोटं बोलायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"सगळंच?" मी विचारलं. "दोन आठवड्यांचं सगळं?"

"पहिल्या दिवशी ठेवली होती."

"आणि?"

"दोन मिनिटं बसली. मग चेंडूकडे वाकली आणि कलंडली. गादीवरच. लागलं काही नाही, रडलीही नाही." ते तिच्या पाठीवर हात फिरवत होते, थांबत नव्हते. "पण आवाज झाला."

"कसला आवाज? गादीवर कसला आवाज होणार?"

"तेच ना," बाबा म्हणाले. "केवढासा. पण मला वाटलं, असाच असेल. कमल पडली तेव्हाचा. मी दूध आणायला गेलेलो, तू झोपलेली. कोणीच ऐकला नाही. कोणाला माहीत नाही तो कसा होता. म्हणून मला काहीही पडलं की वाटतं, असा असेल. भांडं पडलं तरी. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली तरी. कोणी ऐकला असता तर निदान एकच आवाज झाला असता, कुमुद."

मी खुर्चीवर बसले. लुंबिनीनं मला पाहून हात केले. मी उठले नाही.

"बादलीसारखा होता," मी म्हणाले.

"काय?"

"आवाज. भरलेली बादली खाली ठेवताना निसटली तर होतो तसा. फार मोठा नाही. एकदाच."

बाबांचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"तू झोपली होतीस."

"नव्हते. ती नुकती प्यायला लागली होती. रात्रभर रडली होती. मला वाटलं, बादली पडली. मी हाक मारली, आई, काय पडलं? आत नळ चालू होता. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही."

"मग?"

"मग उठले नाही. हिला झोप लागेपर्यंत बसले. उठले असते तर ही परत रडली असती."

"किती वेळ?"

हा प्रश्न मी डॉक्टरांना वेगळ्या शब्दांत विचारला होता, दहा-पंधरा मिनिटांनी काही फरक पडतो का म्हणून. सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. ते दोन्ही अर्थांनी खरं आहे हे मला तेव्हाही कळलं होतं.

"दहा मिनिटं असतील," मी म्हणाले. "जास्तही असतील."

बाबांनी लुंबिनीला खांद्यावरून उतरवलं. चार पावलं चालून आले आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. जानेवारीनंतर त्यांनी आपणहून तिला कोणाकडे दिलं ते पहिल्यांदाच. माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या खोलीत गेले, दार लावलं आणि आतून कडी घातली.

मी काही वेळ बसून राहिले. त्यांच्या खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं. लुंबिनी दाराकडे बघून "आबा, आबा" करत होती. त्या एका शब्दाला तिच्याकडे तीन-चार सूर आहेत, हा हुकमाचा होता.

मग मी गाद्या गुंडाळून भिंतीशी लावल्या. खाली नुसती फरशी राहिली, त्यावर एक सतरंजी टाकली. लुंबिनीला सतरंजीवर बसवलं आणि मी लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जमिनीवरच बसले. ती रडली. हात वर केले. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले. तिला काही शिकवावं असा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता. मला फक्त तिला उचलता येत नव्हतं. आता या घरात तिला उचलून घ्यायचा अधिकार नक्की कोणाचा, हे मला कळेनासं झालं होतं.

ती दमेपर्यंत रडली. नाक, डोळे, सगळं एक झालं. मग हुंदके देत इकडेतिकडे बघायला लागली. बाबांनी आत दिवा लावला असावा, दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी बाहेर आली. पट्टीत सावली हलली. लुंबिनी थांबली.

ती रांगली नाही. बसल्या बसल्या तिनं एक पाय आखडला, हात बाजूला टेकला आणि ढुंगणावर पुढे सरकली. थोडंसंच. पुन्हा पाय आखडला. सतरंजीची कड संपली, फरशी गार लागली तेव्हा तिनं तळहात उचलून पाहिला आणि परत टेकला. बाजूला एकदा कलंडली. डोकं खाली लागलं नाही, कोपर लागलं. मी अर्धी उठले होते. ती कोपरावर भार देऊन, कण्हत, पुन्हा बसती झाली. तिच्यापासून दार आठ फूट असेल. मला नीट आठवत नाही किती वेळ लागला.

दाराशी पोहोचल्यावर तिनं पट्टीवर बोट ठेवलं. बोटावर उजेड आला. मग तिनं तळव्यानं दार बडवलं.

"आबा!"

आतून काही नाही.

आमची दारं सोसायटीच्या जुन्या पद्धतीची आहेत, लाकडी चौकटींची. खालच्या चौकटीची कड जमिनीपासून हातभर वर, अंगठाभर पुढे आलेली असते. लुंबिनीचा हात बडवता बडवता त्या कडेवर अडकला. तिनं दुसरा हातही तिथं आणला. गुडघ्यांवर आली. मग एक पाऊल टेकवलं, बाबांच्या मांडीवर टेकवायची तसं, आणि रेटा दिला. दोनदा बसली. तिसऱ्यांदा ती वर गेली. उभी म्हणता येईल की नाही मला माहीत नाही. गुडघे वाकलेले होते, पोट दाराला चिकटलेलं, मांड्या थरथरत होत्या. पण तिला कोणीही धरलेलं नव्हतं.

तिनं एक हात सोडून दार पुन्हा बडवलं, आता वरून. आत पलंग वाजला. बाबांची पावलं दारापर्यंत आली. कडीला हात लागल्याचा आवाज झाला.

बाबांच्या खोलीचं दार आत उघडतं.

"बाबा, दार उघडू नका," मी म्हणाले. आवाज मोठा करायची मला भीती वाटत होती.

"का? काय झालं?"

"ती दाराला धरून उभी आहे."

लुंबिनीनं कपाळ दाराला टेकवलं होतं आणि ती लाकडाशी काही तरी बोलत होती.

"तू धरलंयस का तिला?" बाबांनी विचारलं. इतक्या जवळून की तेही दाराला टेकून उभे असणार.

"नाही. मी लांब आहे."

"जा मग. धर."

"नाही, बाबा."

"कुमुद, पडेल ती."

"पडेल," मी म्हणाले.

मी त्यांच्या कडीची वाट पाहत होते. कडी वाजली असती तर मला धावावं लागलं असतं, आणि मी पोहोचले नसते. लुंबिनीचा डावा गुडघा आणखी वाकला, तिनं तो पुन्हा ताठ केला. दारापलीकडे बाबांचा श्वास मला ऐकू येत होता, म्हातारा, नाकातून येणारा. कडी हलली नाही.